सात राऊळं ओलांडल्यावर

मराठीतला 'राऊळ' हा शब्द मोठा गमतीचा आहे. मुळात तो 'राजकुल', म्हणजे राजाचा वाडा. पण आपण राऊळ म्हणतो ते देवळालाच. राजा आणि देव एकाच तऱ्हेच्या घरात राहतात ही समजूत त्या एका शब्दात मुरून बसली आहे. हिब्रूत नेमका याच जातीचा शब्द आहे: हेखाल. सुमेरी भाषेत 'ए-गल' म्हणजे मोठं घर. त्याचं अक्कदीत 'एकल्लु' झालं आणि तिथून तो हिब्रूत आला. अर्थ राजवाडा, आणि जेरुसलेमच्या मंदिरातलं अंतर्गृहाआधीचं मोठं दालनसुद्धा.

हेखालचं अनेकवचन हेखालोत. ज्यू गूढविद्येत हेखालोत म्हणजे स्वर्गातली सात राऊळं, एकाच्या आत एक. 'कब्बाला' या ज्यू गूढपरंपरेबद्दल वाचायला बसलं की ती भेटतातच, आणि पुढे कुठेतरी 'दैवी करुणा' हा विषय वेगळा भेटतो. बहुतेक जण हे दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवतात. इकडे दारं, पहारेकरी, देवदूतांची जिभेला पेलणार नाहीत अशी नावं, आणि तिकडे दया. माझ्या मते हा एकच विषय आहे. एवढा बंदोबस्त नेमका कोणाभोवती आहे, हे विचारलं की दुसरा विषय आपोआप सुरू होतो.

सुरुवात एका रथापासून होते. इसवी सनापूर्वी 593च्या सुमारास यहज्केल नावाचा एक पुरोहित बॅबिलोनियात, खबार नावाच्या कालव्याकाठी निर्वासितांमध्ये राहत होता. तिथे त्याला आकाश उघडलेलं दिसलं. माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार-चार तोंडं असलेले चार जीव, चाकात चाक, चाकांच्या धावांवर डोळेच डोळे, आणि वर नीलमासारखं सिंहासन. या दर्शनाला पुढे 'मर्कावा' म्हणजे रथ असं नाव पडलं. 'स्वार होणे' या अर्थाच्या र-क-ब धातूपासून हा शब्द बनला. याच धातूचा अरबी भाऊ फारसीमार्गे मराठीत येऊन 'रिकीब' झाला, घोड्यावर बसताना पाय ठेवायची ती. शिवाय 'कब्बाला' म्हणजे परंपरेने हाती आलेलं, स्वीकारलेलं. आपला 'कबूल' त्याच धातूचा. हिब्रू परकी वाटते खरी, पण तिचे चुलतभाऊ आपल्या घरात कधीपासून नांदताहेत.

या रथाबद्दल काय बोलावं आणि कोणापुढे बोलावं, यावर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, लवकरच कुलूप घातलं. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात स्पष्ट म्हटलंय की रथाचं विवरण एका माणसापुढेसुद्धा करू नये, तो ज्ञानी असेल आणि स्वतःच्या बुद्धीने समजून घेणारा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ज्याला आधीच कळलंय त्यालाच सांगा!

मध्यंतरी एक मोठी घटना घडून गेली होती. इसवी सन 70मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. जमिनीवरचं राऊळ गेलं. मग देव कुठे राहतो, त्याच्याकडे जायचं कसं? त्यानंतरच्या शतकांत, पॅलेस्टाइन आणि बॅबिलोनियात, ढोबळमानाने तिसऱ्या ते आठव्या शतकात, जे लिखाण जमत गेलं त्याला हेखालोत साहित्य म्हणतात. यांना पुस्तकं म्हणायला जरा जीभ अडखळते. लेखक एक नाही, पाठ पक्का नाही, प्रत्येक हस्तलिखितात मजकूर वेगळ्या क्रमाने लावलेला. मध्ययुगात ऱ्हाइन नदीच्या काठच्या जर्मन ज्यूंनी त्याच्या नकला करून ठेवल्या आणि काही तुकडे कैरोच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या, जुन्या कागदांच्या ढिगात सापडले, म्हणून ते आज हाताशी आहे.

यातली गोष्ट अशी. साधक सात स्वर्ग चढून जातो. सातव्यात, 'अरावोत' नावाच्या स्वर्गात, सात राऊळं. प्रत्येकाच्या देवडीवर उजवीकडे-डावीकडे पहारेकरी, डोंगराएवढे, हातात नंग्या तलवारी. साधकाने दोन्ही हातांत मोहरा धरायच्या. मोहरा म्हणजे देवाची गुप्त नावं. बरोबर नाव दाखवलं की इथले पहारेकरी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पुढच्या दारावर सोपवतात. आपल्याकडे सरकारी कचेरीत शिक्का असल्याशिवाय पुढच्या टेबलावर जाता येत नाही, तसंच काहीसं. फक्त इथे शिक्का चुकला तर फाईल परत येत नाही, माणूसच परत येत नाही. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे या वर चढणाऱ्यांना ग्रंथ 'मर्कावात उतरणारे' म्हणतात. चढायचं आणि म्हणायचं उतरणं! सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारा धर्मग्रंथाच्या पेटीपुढे 'उतरतो' असं म्हणायची जुनी रीत होती, त्यावरून हे आलं असावं असा एक तर्क आहे.

सगळ्यात धोक्याचं दार सहावं. तिथे दूमिएल नावाचा देवदूत बसतो आणि शिकला आहेस का, निदान शिकलेलं पाळलं आहेस का, असं विचारतो. त्याच्याही पुढे खरी परीक्षा असते. दारात उभं राहिलं की समुद्राच्या लाखो लाटा अंगावर चालून येताना दिसतात. प्रत्यक्षात पाण्याचा थेंब नसतो; ती राऊळाच्या संगमरवरी फरशीची चमक असते. साधक 'हे पाणी कसलं?' असं बोलून गेला की संपलं. 'अरे, तू तर सोन्याच्या वासराच्या मूर्तीचं चुंबन घेणाऱ्यांच्या वंशातला!' असं म्हणून पहारेकरी त्याच्यावर लोखंडी कुऱ्हाडी फेकतात. मराठी वाचकाला मयसभा आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही कथांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तिथे दुर्योधनाचं फक्त हसं झालं. इथे हसण्यावर भागत नाही.

हीच ताकीद तालमूद या मिश्नावरच्या मोठ्या भाष्यग्रंथातही आहे. चार जण 'पर्देस'मध्ये, म्हणजे बागेत, गेले. रब्बी अकिवाने आधीच बजावलं होतं, 'शुद्ध संगमरवराच्या दगडांपाशी पोचलात की पाणी, पाणी म्हणू नका.' बेन अज्जाईने पाहिलं आणि तो मेला. बेन जोमाने पाहिलं आणि त्याला वेड लागलं. एलिशा बेन अवुयाने 'रोपं कापली', म्हणजे धर्म सोडला. तालमूद बहुतेक ठिकाणी त्याचं नावही घेत नाही, 'तो दुसरा' एवढंच म्हणतं. एकटा अकिवा सुखरूप परतला.

हे सगळं लोक खरोखर करत होते की फक्त लिहीत होते? यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही. पण बॅबिलोनियातल्या पुंबेदिता विद्यापीठाचे प्रमुख हाय गाओन (मृत्यू 1038) यांनी पद्धत नोंदवून ठेवली आहे. बरेच दिवस उपास करायचा, डोकं गुडघ्यांत घालायचं आणि जमिनीकडे तोंड करून हलक्या आवाजात स्तोत्रं पुटपुटायची. मग आतले कक्ष दिसू लागतात, जणू डोळ्यांनी पाहत एका राऊळातून दुसऱ्यात जावं तसे.

मला या साहित्यातली सगळ्यात आवडणारी कथा परत येण्याची आहे. रब्बी नेहुन्या समाधीत बसून शिष्यांना वरचा रस्ता सांगत होते. मध्येच त्यांच्या बोलण्यातलं एक वाक्य कोणाला कळेना. विचारायचं कसं? गुरू तर सिंहासनापुढे. मग रब्बी इश्माएलने लोकरीच्या कापडाचा तुकडा घेतला आणि शुद्धीच्या नियमांचा कीस काढत तो असा तयार करवून घेतला की अगदी कडक मताने पाहिलं तर किंचित विटाळलेला, बहुमताने पाहिलं तर शुद्ध. तो हळूच गुरूंच्या गुडघ्यांवर ठेवला. त्या नखभर विटाळापायी नेहुन्यांना सिंहासनापुढून निरोप मिळाला, पण शिक्षा नाही झाली. शिष्यांनी शंका विचारली, त्यांनी उत्तर दिलं. कायद्याची एवढी बारीक सुई आणि ती वापरायची कशासाठी, तर गुरूला इजा न करता खाली आणण्यासाठी. सोवळ्याओवळ्यातल्या पळवाटा माहीत असलेल्या घरात वाढलेल्या कोणालाही ही कथा लगेच कळेल.

आता आत जाऊ. सातव्या राऊळात सिंहासन आहे आणि त्यावर पूर्वज याकोबाचा चेहरा कोरलेला आहे. देव साधकांना म्हणतो, खाली जाऊन माझ्या लेकरांना सांगा, तुम्ही प्रार्थनेत 'पवित्र' म्हणता ना, तेव्हा मी वाकून या चेहऱ्याला कवटाळतो, त्याचे मुके घेतो, त्याला कुरवाळतो. एवढ्या तलवारी, एवढ्या लाटा, आणि आत एक बाप लेकराच्या तसबिरीचे मुके घेतोय!

दुसरी कथा तालमूदच्या 'ब्राखोत' या भागात आहे आणि ती स्वर्गातली नाही, जमिनीवरच्या राऊळातली आहे. रब्बी इश्माएल बेन एलिशा सांगतो की, मी धूप जाळायला मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात गेलो, तर उंच सिंहासनावर देव बसलेला दिसला. तो मला म्हणाला, 'इश्माएल, बाळा, मला आशीर्वाद दे.' यावर माणसाने काय बोलावं? इश्माएल म्हणाला, 'तुझी करुणा तुझ्या रागावर मात करो, तुझ्या बाकीच्या गुणांवरून ती ओसंडून वाहो. लेकरांशी करुणेने वाग, आणि त्यांच्यासाठी कायद्याच्या रेषेच्या अलीकडेच थांब.' देवाने मान डोलावली. त्याच पानावर असंही आहे की देव स्वतः प्रार्थना करतो, आणि ती प्रार्थना हीच. सर्वशक्तिमान देव 'माझा राग माझ्या हातून आवरला जावो' असं मागतोय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

राग आणि करुणा यांची ही ओढाताण रब्बींनी सृष्टीच्या सुरुवातीलाच नेऊन ठेवली. उत्पत्तीच्या कथेवरच्या एका जुन्या भाष्यात दृष्टान्त आहे. एका राजाकडे नाजूक रिकामे पेले होते. त्यांत कढत पाणी ओतलं तर ते तडकतील, गार ओतलं तरी फुटतील. मग राजाने काय केलं? विसण घातलं, म्हणजे कढत आणि गार मिसळून ओतलं. तसंच देव म्हणाला, नुसत्या करुणेने जग केलं तर पापं माजतील. नुसत्या न्यायाने केलं तर जग उभंच राहणार नाही. दोन्ही मिसळून करतो, टिकलं म्हणजे मिळवलं! शेवटचं वाक्य माझ्या पदरचं नाही, मुळातच तसं आहे.

इथपर्यंत ही पुराणकथांची भाषा झाली. बाराव्या शतकाच्या शेवटी दक्षिण फ्रान्समध्ये आणि मग तेराव्या शतकात स्पेनमध्ये ज्याला आपण आज कब्बाला म्हणतो ती विचारपद्धती घडली, आणि तिने या कथांना नकाशा दिला. मूळ देव 'एन सोफ', म्हणजे अंत नसलेला. त्याच्याविषयी काहीच बोलता येत नाही. पण तो दहा गुणांतून, दहा 'सेफिरोत'मधून प्रकटतो. दहाही पाठ करायची इथे गरज नाही, मधल्या तीन पुरेत. उजवीकडे हेसेद, म्हणजे हिशेब न ठेवता देणं. डावीकडे गेवुरा किंवा दीन, म्हणजे मर्यादा आणि न्याय. आणि मधोमध तिफेरेत, जिचं दुसरं नाव रहमीम, करुणा.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे. हेसेद आणि रहमीम या दोन्ही शब्दांना आपण मराठीत 'दया' म्हणून मोकळे होतो. पण कब्बालात करुणा उजवीकडे नाही, मध्यावर आहे. पाऊस पडतो तो शेत, ओढा, खडक काही बघत नाही, तो हेसेद. धरणाची भिंत पाणी अडवते, ती गेवुरा. भिंत तशीच ठेवून, गरज बघून कालव्याला जे आवर्तन सोडतात, ते रहमीम. म्हणजे करुणेला माणसाचा गुन्हा दिसलेला असतो. न्यायाची बाजू तिने ऐकून घेतलेली असते, आणि तरी ती देते. न बघता दिलेली सूट आणि सगळं बघून दिलेली माफी यांत जो फरक आहे, तो कब्बालाने चित्रात दोन वेगळ्या जागा देऊन दाखवला. रहमीम हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय याच्या घरातला, आणि आपला 'रहम' त्याच धातूचा. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्यांना याचं स्पष्टीकरण लागू नये.

याच काळात, तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनच्या कास्तील प्रांतात जोहार हा कब्बालाचा महाग्रंथ बाहेर आला. तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बर योहाईच्या नावावर आहे. आधुनिक अभ्यासक त्याचं बरंचसं लेखन मोशे दे लेओन (मृत्यू 1305) आणि त्याच्या वर्तुळातल्या लोकांचं मानतात. जोहारमध्ये सात राऊळं पुन्हा येतात, पण पार बदललेली. कुऱ्हाडी गेल्या, लाटाही गेल्या. राऊळांना आता नावं आहेत: नीलमाची फरशी, आकाशाचं सत्त्व, तेज, मग जखुत, मग प्रेम, मग प्रसन्नता, आणि शेवटी परमपवित्र. विरुद्ध बाजूला अपवित्रतेचीही सात राऊळं आहेत, त्यांत आपण शिरायला नको.

या क्रमाकडे मात्र नीट बघा. चौथं राऊळ हे न्यायालय, जगाचे निवाडे तिथे होतात. त्याचं नाव 'जखुत', म्हणजे पदरी असलेलं पुण्य, निर्दोषपणा. कोर्टाला गुन्ह्याचं नाव न देता सुटकेचं नाव दिलंय. आणि ते चौथं आहे, सातवं नाही. निवाडा वाटेत लागतो. त्याच्यापुढे प्रेमाचं दार आहे, त्याच्यापुढे प्रसन्नतेचं.

दुसरा बदल याहून मोठा आहे. हेखालोत काळात वर जायचं तर उपास, गुप्त नावं, जिवावरची जोखीम. जोहारमध्ये राऊळं चढते ती रोजची प्रार्थना. सकाळच्या प्रार्थनेचे टप्पे एकेका राऊळाशी जोडले गेले. पुढे सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या सफेद गावी इसहाक लुरिया आणि त्याच्या शिष्यांनी तर प्रत्येक ओळीचा हिशेब मांडला. उभं राहून मनाशी पुटपुटायची 'अमीदा' ही प्रार्थना सगळ्यात वरच्या टप्प्यावर. म्हणजे ज्या माणसाला दूमिएलने दारातूनच पिटाळलं असतं, तोही न्याहारीच्या आधी सातव्या राऊळाशी जाऊन परत दुकान उघडायला जातो. त्याला ते माहीत नसलं तरी. तालमूदमध्ये एक जुनं वचन आहेच: मंदिर पडलं तेव्हापासून प्रार्थनेची दारं बंद झाली, पण अश्रूंची दारं बंद झाली नाहीत.

सफेदलाच मोशे कोर्दोवेरो (1522–1570) राहत होता. त्याच्या 'तोमेर देवोरा' या छोट्या पुस्तकात, मीखा संदेष्ट्याच्या वचनांतून काढलेले करुणेचे तेरा गुण एकेक करून समजावले आहेत. त्यातला पहिला वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. कोर्दोवेरो म्हणतो, माणूस क्षणोक्षणी वरून येणाऱ्या शक्तीवर जगतो. तो पाप करतो तेही त्याच शक्तीने. हात उगारायचं बळ देवाचं, आणि हात उगारला तो देवाविरुद्ध. देवाने त्या क्षणी ते बळ काढून घेतलं असतं तर हात वाळून गेला असता. पण तो घेत नाही. म्हणून देवदूत त्याला 'अपमान सोसणारा राजा' म्हणतात. दुसरा गुण आणखी विचित्र आहे. प्रत्येक पापातून एक संहारक जन्मतो आणि देवापुढे उभा राहून म्हणतो, 'अमक्याने मला केलं.' न्यायाने पाहिलं तर ज्याने केलं त्यानेच त्याला पोसावं, म्हणजे त्याने त्या माणसाला खाऊन टाकावं. देव म्हणतो, थांब, तोवर मीच पोसतो. माणसाला पश्चात्ताप होईपर्यंत तो त्या संहारकाला स्वतःच्या घासातून जगवतो. आणि प्रत्येक गुणाच्या शेवटी कोर्दोवेरो वाचकाकडे वळतो: आता तूही लोकांशी असंच वाग. सिंहासनापर्यंत जायचा हा त्याचा रस्ता. मोहरा-बिहरा काही नाही.

जोहारमधल्या सर्वांत कठीण भागांना 'इद्रा' म्हणतात. तिथे देवाला दोन मुखं कल्पिली आहेत. एक 'अरीख अनपिन', शब्दशः लांब मुखाचा. दुसरा 'जएर अनपिन', आखूड मुखाचा. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे, 'अफ'. लांब नाकाचा म्हणजे ज्याला राग यायला वेळ लागतो तो, आणि आखूड म्हणजे, आपण म्हणतो तसा, नाकावर राग असलेला. न्याय आणि करुणेची ओढाताण खालच्या मुखात चालते. वरच्या मुखाला डावी बाजूच नाही, सगळं उजवंच. त्याच्या डोळ्याला पापणी नाही, तो कधी मिटत नाही. दाढीचे तेरा भाग म्हणजे करुणेचे तेच तेरा गुण.

यातला 'इद्रा जूता' हा भाग, म्हणजे शिमोन बर योहाईचं मृत्यूच्या दिवशीचं प्रवचन, 1887 साली चक्क पुण्यात छापला गेला. अब्राहम डेव्हिड इझिकिएल या थिऑसॉफी नावाच्या गूढवादी चळवळीकडे ओढल्या गेलेल्या बगदादी ज्यू गृहस्थाने त्याचा हिब्रू लिपीतल्या अरबीत अनुवाद केला. सामान्य वाचकापुढे असलं गुपित उघडं टाकलं म्हणून रब्बींनी कडाडून विरोध केला. रागच नसलेल्या मुखाचं वर्णन वाचून माणसं भयंकर रागावली. मिश्नातलं ते जुनं कुलूप अजून शाबूत होतं म्हणायचं. त्या वेळी पुण्याच्या कँपात डेव्हिड ससूनने बांधवलेलं लाल देऊळ उभं राहून वीस वर्षं झाली होती. बगदादी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायच्या जागेला आजही हेखालच म्हणतात.

मुंबईतली गोष्ट त्याहून जुनी आहे. कंपनी सरकारच्या फौजेतला बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, अधिकारी सॅम्युअल इझिकिएल दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून तो जिवंत सुटला, असं बेने इस्रायली घरांत सांगतात. परतल्यावर त्याने 1796मध्ये मांडवी भागात सिनेगॉग बांधलं आणि नाव ठेवलं शाअर हारहमीम, करुणेचं दार. मराठी बोलणारे ज्यू त्याला मशीद म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनला नाव पडलं ते त्यावरूनच, असं सांगतात.